लांडग्याचे मोल, मेंढीचे मोल

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळाच. इसापाच्या कथा मराठीत फार लवकर आल्या. तंजावरच्या सरफोजी राजांनी ‘बाळबोध मुक्तावली’ आपल्या छापखान्यात छापवून घेतली ती १८०६ मध्ये. पुढे १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीती मुंबईकडे निघाली आणि शाळकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या कथांवर वाढल्या. मेंढरे राखणाऱ्या पोराने दोनदा खोटी हाक दिली, तिसऱ्यांदा लांडगा खरोखरच आला तेव्हा गाव धावले नाही, म्हणून खोटे बोलू नये, एवढे तात्पर्य आपण घेतले आणि पुस्तक मिटले. मेंढरे कोणाची होती, त्या दिवशी किती गेली, ज्याची गेली त्याने पुढे काय केले, हे विचारण्याची गरज कोणाला भासली नाही.

प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रश्न विचारू इच्छितो. लांडग्याने मेंढी नेली तर ते नुकसान कोणाचे? धन्याचे, गावाचे, की राज्याचे? या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत राज्यकर्त्यांनी दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली. आधी सरकारी खजिन्यातून लांडग्याच्या मुंडक्याचे पैसे मोजले गेले, आणि नंतर त्याच खजिन्यातून लांडग्याने मारलेल्या मेंढीचे. दोन्ही व्यवहारांत एक गोष्ट मात्र तशीच राहिली. मेंढपाळाच्या शब्दावर विश्वास नाही. पुरावा आणा, मग पैसे घ्या. इसापाच्या त्या पोराची सावली सगळ्या मेंढपाळांवर पडली असावी, असे हा इतिहास वाचताना वाटत राहते.

प्रथम त्या प्राण्याची ओळख करून घेऊ, कारण त्याच्या शास्त्रीय नावाचा उगम आपल्याच मुलखात आहे. कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्यात विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी होता. दख्खनची शेती, लोकसंख्या, हवामान यांची आकडेवारी जमवण्याचे काम त्याच्याकडे सोपवले होते आणि त्या निमित्ताने तो माळामाळांतून हिंडला. येथील सस्तन प्राण्यांची यादी त्याने १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे ठेवली. तीत दख्खनच्या लांडग्याला त्याने ‘कॅनिस पॅलिपेस’, म्हणजे फिकट पायांचा श्वान, असे नाव दिले. मराठे ज्याला कोळसून म्हणतात तो रानकुत्रा वेगळा आणि लांडगा वेगळा, हेही त्याने नोंदवले. साइक्सचे आणखी एक निरीक्षण महत्त्वाचे आहे. हा लांडगा मोकळ्या, दगडाळ माळावर पुष्कळ आढळतो, घाटातल्या जंगलात नाही.

पुढची सगळी कहाणी या एका वाक्यात दडलेली आहे. वाघ-बिबट्याला झाडी लागते. लांडग्याला उघडा माळ लागतो. सह्याद्रीच्या पूर्वेस पावसाची छाया पडते तेथून हा मुलूख सुरू होतो. पुण्याचा पूर्वभाग, सातारा जिल्ह्यातील माण-खटाव, सांगलीकडचे जत, सोलापूर, अहिल्यानगर. त्याला लागून बेळगावचे पूर्वेकडील तालुके, विजापूर, कोप्पळ. आणि वर माळवा, सौराष्ट्र, कच्छ. कुसळी गवत, बोरी-बाभळी, उथळ ओढे, क्वचित एखादी टेकडी. या माळावर एके काळी काळविटांचे आणि चिंकाऱ्यांचे कळप होते आणि ते लांडग्याचे अन्न होते. उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातील लांडग्याच्या मानाने हा अंगाने लहान, सुमारे वीस किलोंचा, आखूड केसांचा, मातकट रंगाचा. पण वंशाने फार जुना. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांवरून असे दिसते की जगातील लांडग्यांच्या सर्वांत प्राचीन शाखांपैकी एक शाखा म्हणजे हा भारतीय लांडगा होय.

ज्या माळावर लांडगा, त्याच माळावर धनगर. आमच्या वाचकांपैकी अनेकांची घराणी ज्या सत्तांच्या आधाराने परमुलखात गेली, त्यांतील इंदूरच्या गादीचे संस्थापक मल्हारराव होळकर हे धनगराचे पुत्र. खानदेशात तळोद्यास मामाच्या घरी त्यांचे लहानपण गेले. मराठी फौजांच्या खांद्यावर जे घोंगडे होते, त्याची लोकर याच माळावरच्या दख्खनी मेंढीची. म्हसोबा, बिरोबा, खंडोबा ही माळावरची दैवते. खंडोबाची म्हाळसा वाण्याची, तर बाणाई धनगराची लेक. आणि देवासोबत कुत्रा आहेच. गुंथर सोन्थायमर यांच्यासारख्या परदेशी विद्वानाने उभे आयुष्य धनगरांच्या ओव्या आणि दैवते यांच्या अभ्यासाला वाहिले, त्याचे कारण हेच की दख्खनची संस्कृती केवळ नांगराची नाही, मेंढरांचीही आहे, हे त्यांना दिसले होते.

धनगराचा वाडा म्हणजे चिरेबंदी वाडा नव्हे. चार-सहा कुटुंबे, त्यांची मेंढरे, घोड्यावर लादलेला संसार आणि कुत्री मिळून वाडा होतो. पावसाळा संपला की हे वाडे गाव सोडतात. कोणी घाट उतरून कोकणात जातात, कोणी कापणी झालेल्या शेतांतून फिरत राहतात. शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो, लेंडीमुताचे खत त्याला मिळते आणि धनगराला धान्य किंवा रोकड. रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर लावायची, कोकरे आत ठेवायची, कुत्री बाहेर सोडायची आणि माणसाने अर्ध्या झोपेत निजायचे. शंभर-दोनशे मेंढरांच्या कळपामागे लांडगा असतोच. त्यालाही हे वेळापत्रक पाठ असते.

या सहवासाचे भाबडे चित्र आम्ही रंगवू इच्छित नाही. लांडग्याने कोकरू नेले तर तो देवाचा वाटा, असे मानणारे धनगर आहेत. आणि लांडग्याच्या बिळात धूर कोंडून पिल्ले मारल्याच्या, बिळांची तोंडे दगडमातीने बुजवल्याच्या हकिगतीही देशात अनेक ठिकाणी नोंदल्या गेल्या आहेत. वाटा म्हणून सोडून द्यायलाही मर्यादा असते. एक-दोन कोकरांपर्यंत धर्म टिकतो. एका रात्रीत आठ-दहा मेंढ्या फाडल्या गेल्या की टिकत नाही. एक मात्र खरे की या हिशेबात सरकार कोठेच नव्हते. नुकसान धनगराचे, राखण धनगराची, राग आणि क्षमाही धनगराचीच.

सरकार या हिशेबात आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि ते लांडग्याच्या जिवावर. हिंस्र पशूंचा नाश हे राज्याचे काम आहे, अशी इंग्रज अधिकाऱ्यांची दृढ समजूत होती. त्यांच्या स्वतःच्या देशात लांडगा कधीच संपला होता आणि ती सुधारणेची एक खूण मानली जाई. इकडे पडीक जमीन लागवडीखाली आणायची, सारा वाढवायचा, तर जंगली जनावर आणि भटका मेंढपाळ हे दोघेही अडचणीचेच. दरसाल वन्य पशूंनी आणि सर्पांनी मारलेल्या माणसांचे व गुरांचे तक्ते प्रसिद्ध होऊ लागले. त्यांच्याच शेजारच्या रकान्यात मारलेले पशू आणि दिलेली बक्षिसे. साधारणतः वाघाला मोठे बक्षीस, बिबट्याला त्याखालोखाल, लांडग्याला त्याहून कमी. उत्तर हिंदुस्थानात लांडग्यांनी लहान मुले नेल्याच्या घटना घडत, म्हणून तेथे या मोहिमेला विशेष जोर होता. मारलेल्या जनावराचे कातडे किंवा मुंडके कचेरीत दाखल करायचे आणि पैसे घ्यायचे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी या सरकारी नोंदींचा अभ्यास केला आहे. त्यानुसार १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात बक्षिसासाठी ऐंशी हजारांवर वाघ, दीड लाखावर बिबटे आणि दोन लाखांच्या आसपास लांडगे मारले गेले.

आज भारतात लांडगे किती उरले, याचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अंदाज सुमारे ३,१०० इतका आहे. पन्नास वर्षांत दोन लाख, आणि आता तीन हजार. वाघाच्या संहाराबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. लांडग्याच्या वाट्याला मात्र ना शिकारकथा आली, ना हळहळ. राजेमहाराजांनी वाघाशेजारी उभे राहून छायाचित्रे काढून घेतली. लांडगा मारला तो कोणी अनाम माणसाने, बिळात धूर कोंडून किंवा सापळा लावून, चार रुपड्यांसाठी.

मात्र या सगळ्या बक्षिसांतील एक पैही, जिची मेंढी गेली त्या कुटुंबाच्या नावे म्हणून दिली गेली नव्हती. बक्षीस शिकाऱ्याला होते. मेंढपाळाला भरपाई द्यावी ही कल्पनाच त्या काळच्या राज्यकारभारात नव्हती. ती नंतर आली, आणि तिचा सर्वांत सविस्तर प्रयोग झाला तो अमेरिकेत. म्हणून थोडा वेळ दख्खन सोडून तिकडे जाणे भाग आहे. तेथे जे यशापयश पदरी पडले, ते आपल्या माळालाही लागू पडते.

अमेरिकेत लांडग्यावर बक्षीस लावण्याची प्रथा इंग्रज वसाहतींइतकीच जुनी. मॅसॅच्युसेट्समध्ये ती १६३० मध्ये सुरू झाली. पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशात एकोणिसाव्या शतकात रानरेड्यांचे, म्हणजे बायसनचे, अफाट कळप मारून संपवले गेले आणि त्यांच्या जागी गुरांचे मोठमोठे मळे आले. लांडग्याचे भक्ष्य गेले. तो गुरांकडे वळला. आपल्याकडे काळवीट आणि मेंढी यांचे जे झाले, तेच तेथे बायसन आणि वासरू यांचे झाले. मोंटाना प्रांताने १८८४ मध्ये बक्षीस जाहीर केले आणि पहिल्याच वर्षी पाच हजारांवर लांडग्यांची कातडी दाखल झाली. १९०५ मध्ये तर त्या प्रांताने असा कायदा केला की सरकारी पशुवैद्याने पकडलेल्या लांडग्यांना खरजेची लागण करावी आणि रोग पसरवण्यासाठी त्यांना पुन्हा मोकळे सोडावे. १९१५ पासून केंद्र सरकारने पगारी शिकारी नेमले. यलोस्टोन हे जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथेही १९२६ पर्यंत लांडगा निपटून काढण्यात आला.

मग काळ पालटला. लांडगा नाहीसा झाल्यावर हरणवर्गातील एल्कचे कळप बेसुमार वाढले, नदीकाठची रोपटी वाढेनात. शास्त्रज्ञ लांडग्याबद्दल वेगळे बोलू लागले. १९७३ च्या कायद्याने संकटग्रस्त प्राण्यांना संरक्षण मिळाले. १९९५ आणि १९९६ या दोन हिवाळ्यांत कॅनडातून ३१ लांडगे आणून यलोस्टोनमध्ये सोडण्यात आले. भोवतालच्या पशुपालकांचा याला कडवा विरोध होता. आमच्या आज्या-पणज्यांनी जे संकट संपवले, ते तुम्ही पुन्हा आमच्या दारात आणून सोडता, असे त्यांचे म्हणणे होते. आणि ते अगदीच चूक म्हणता येणार नाही.

या विरोधाची धार बोथट करण्यासाठी ‘डिफेंडर्स ऑफ वाइल्डलाइफ’ या संस्थेने १९८७ पासूनच एक निधी चालवला होता. लांडगे हवेत ते आम्हाला. मग त्यांचा खर्च पशुपालकाने एकट्याने का सोसावा, अशी त्यामागची भूमिका. लांडग्यानेच मारले असे सिद्ध झाले तर जनावराची पूर्ण किंमत, तसा दाट संभव असेल तर अर्धी. २०१० मध्ये ही योजना बंद होऊन ती जबाबदारी राज्य सरकारांकडे गेली. तोपर्यंत संस्थेने सुमारे चौदा लाख डॉलर वाटले होते. खाजगी देणग्यांतून उभी राहिलेली ही रक्कम आणि तिच्यामागची सचोटी, दोन्ही वाखाणण्याजोगी आहेत.

तरीही प्रश्न सुटला नाही, आणि तो का सुटला नाही हे समजून घेण्यासारखे आहे. पहिले कारण पुराव्याचे. आयडाहो प्रांतातील डोंगराळ कुरणांत २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की लांडग्याने मारलेले एक वासरू सापडते, तेव्हा न सापडलेली आठपर्यंत असू शकतात. दाट रानात मेलेले जनावर दोन दिवसांत गिधाडे, कोल्हे आणि अस्वले संपवतात. पंचनामा करायला हाडेही उरत नाहीत. म्हणजे पूर्ण भरपाई असे जिला म्हटले गेले, ती प्रत्यक्षात नुकसानीच्या एका लहान भागाचीच भरपाई होती. दुसरे कारण मनाचे. विस्कॉन्सिन प्रांतात त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे दिसले की ज्यांना भरपाई मिळाली, ते लोक न मिळालेल्यांपेक्षा लांडग्याबाबत अधिक सहनशील झाले नव्हते. पैशाने तोटा भरून निघतो. आपल्याला विचारले गेले नाही ही सल भरून निघत नाही.

ही सल कोलोराडोत अगदी अलीकडे पुन्हा दिसली. तेथे २०२० मध्ये लांडगा परत आणावा की नाही यावर थेट जनमत घेण्यात आले. होकार मिळाला तो दोन टक्क्यांहूनही कमी फरकाने, आणि मुख्यतः शहरांच्या मतांवर. डिसेंबर २०२३ मध्ये लांडगे सोडले ते पश्चिमेकडच्या ग्रामीण भागात. एका जनावरामागे पंधरा हजार डॉलरपर्यंत भरपाईची तरतूद झाली, तरी वाद शमला नाही. मत एकाचे, माळ दुसऱ्याचा.

याच्या उलट एक वेगळी वाट स्वीडनने धरली. तेथील उत्तरेकडचे सामी लोक रेनडिअरचे कळप पाळतात. आपल्या धनगरांसारखेच ऋतुमानाप्रमाणे फिरतात. अफाट हिमप्रदेशात कोणते रेनडिअर कोणी मारले हे सिद्ध करणे अशक्य. तेव्हा १९९६ पासून स्वीडिश सरकारने मेलेल्या जनावरांची मोजदाद सोडून दिली. सामींच्या चराऊ प्रदेशात लिंक्स, वुल्व्हरिन यांसारख्या हिंस्र पशूंची पिल्ले किती जन्मली, याची खात्री करून त्या प्रमाणात संबंधित सामी गावाला पैसे दिले जातात. मुडद्याचा पुरावा नको. जिवंत पिल्लाचा पुरावा हवा. आपल्या कुरणात हिंस्र पशू नांदला तर त्याचे मोल मिळते, आणि कळप नीट राखून नुकसान टाळले तरी मिळालेले मोल कमी होत नाही. एका साध्या फेरफाराने येथे मेंढपाळ हा तक्रारदार न राहता राखणदार झाला.

आता आपल्या माळावर परत येऊ. स्वतंत्र भारताने १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघासोबत लांडग्यालाही स्थान मिळाले. ज्याच्या मुंडक्याला बक्षीस होते, त्याला मारणे हा आता तुरुंगवासाचा गुन्हा आहे. त्यानंतर राज्यांनी भरपाईचे नियम केले. महाराष्ट्राच्या वन विभागाच्या आदेशांत वाघ, बिबट्या, अस्वल, तरस यांच्या जोडीने लांडग्याचे नाव आहे. शेळी-मेंढी मेली तर बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ठरवून दिलेली कमाल रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती मिळते. २०२३ मध्ये राज्याने या विषयावर स्वतंत्र कायदाही केला. सहृदयतेत आपण कोठे कमी पडलो असे म्हणता येणार नाही. अमेरिकेत एका खाजगी संस्थेला जे करावे लागले, ते आपल्याकडे सरकारने आपले कर्तव्य मानले.

पण नियमाची भाषा पाहा. घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत वन कर्मचाऱ्याला कळवावे, मृत जनावराचे शव जागेवरून हलवू नये, पंचनामा व्हावा, किंमत ठरावी. हा नियम कोणासाठी लिहिला आहे? ज्याचे गाव ठरलेले, गोठा ठरलेला, ज्याची म्हैस दावणीला मेलेली आहे, त्याच्यासाठी. वाड्यावरचा धनगर आज या शिवारात, परवा पुढच्या. दोनशे मेंढरे उपाशी ठेवून एका मेलेल्या मेंढीपाशी तो दोन दिवस बसू शकत नाही. आणि ज्याच्या शेतात तो उतरला आहे, तो शेतकरीही त्याला बसू देत नाही. शिवाय लांडगा पुष्कळदा कोकरूच उचलून नेतो. शव न हलवण्याची अट पाळावी तरी कशी? शव लांडग्याच्या पोटात गेलेले असते.

सीमाभागातील आमच्या वाचकांच्या ध्यानात आणखी एक अडचण येईल. कळपांच्या वाटा राज्यांच्या सीमा आखल्या जाण्यापूर्वीच्या आहेत. अथणी-चिकोडीकडचा धनगर महाराष्ट्रात चारणीला येतो, जतचा पलीकडे जातो. माणूस एका राज्याचा, मेंढी मेली दुसऱ्याच्या हद्दीत, अर्जाचा नमुना तिसऱ्याच भाषेत वाटावा असा. लांडग्याला सीमाप्रश्न ठाऊक नाही. अर्जाला मात्र आहे. भर म्हणून आता मोकाट कुत्र्यांचे कळप माळावर आले आहेत. कुत्र्याने मारलेल्या मेंढीला वन्य प्राण्याची भरपाई नाही, आणि मानेवरचे दात कोणाचे हे सांगणे सोपे नाही. पुण्याच्या परिसरात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचेही जनुकीय तपासणीत आढळले आहे. म्हणजे उद्या पुरावा मागणाऱ्यालाच विचारावे लागेल, की हा लांडगा कितपत लांडगा आहे.

तोटाही केवळ मेलेल्या मेंढीचा नसतो. गाभण मेंढ्या भेदरून गाभ टाकतात. जखमी मेंढी आठवड्याने मरते, तोवर वाडा तीन गावे पुढे गेलेला असतो. अंगठ्याने मोजावे एवढे मूळ भांडवल असलेल्या कुटुंबात एक चांगली मेंढी जाणे म्हणजे पुढच्या चार-पाच वर्षांची कोकरे जाणे. यांतले काहीच अर्जाच्या रकान्यांत बसत नाही.

या सगळ्याहून मोठी गोष्ट माळाची आहे. सरकारी दप्तरात गवताळ माळ हा बहुधा पडीक म्हणून नोंदलेला असतो. देशाचा पडीक जमिनींचा नकाशासंग्रह केंद्र सरकारने २००० मध्ये काढला, त्यातही अशा जमिनींची गणना पडीकांतच आहे. पडीक म्हटले की तिचा उपयोग करण्याची घाई होते. कोठे झाडे लावली, कोठे कालवा आला आणि ऊस उभा राहिला, कोठे कारखाना, कोठे सौर पट्ट्या. झाडे लावणे पुण्यकर्म खरे. पण माळावर दाट झाडी उभी केली की माळरानाचा जीव जातो. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये अभयारण्य झाले आणि त्या आडोशाने लांडगाही तगला. कर्नाटकात कोप्पळ जिल्ह्यातील बंकापूर येथे खास लांडग्यासाठी अभयारण्य झाले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु लांडगा अभयारण्याच्या कुंपणात मावणारा प्राणी नव्हे. त्याचे बहुतेक आयुष्य गावठाण, शेत आणि गायरान यांच्या मधल्या पट्ट्यात जाते, आणि काळवीट उरले नाहीत तेथे त्याचे पोट मेंढरावरच भरते.

याचा सरळ अर्थ असा की दख्खनच्या लांडग्याला आज जगवतो आहे तो कायदा नव्हे, धनगर. कायद्याने त्याला मारण्यास मनाई केली. जेवू घातले नाही. ते काम वाड्यावरची मेंढरे करीत आली आहेत, बिनबोभाट आणि बिनपगारी. ज्या दिवशी शेवटचा धनगर मेंढरे विकून शहराकडे गाडी चालवायला जाईल, त्या दिवशी माळावरचा लांडगाही उपाशी पडेल. धनगरांच्या नव्या पिढीत मेंढरांमागे जाणारी पोरे कमी होत चालली आहेत, हे या भागात फिरणाऱ्या कोणालाही दिसते. तेव्हा लांडगा वाचवायचा असेल तर वाड्याचे आयुष्य सुसह्य करणे हा त्याचा पहिला उपाय ठरतो.

म्हणून आम्हास असे वाटते की भरपाई हा शब्दच अपुरा आहे. भरपाई म्हणजे झालेल्या अपघाताचे पैसे. लांडग्याने मेंढी नेणे हा अपघात नव्हे. लांडगा असण्याचा तो नित्याचा खर्च आहे. लांडगा असावा असे सगळ्या देशाने १९७२ मध्ये ठरवले, तर त्याचा खर्चही सगळ्या देशाने उचलावा. तो उचलण्याची रीत मात्र फिरत्या माणसाला झेपेल अशी हवी. स्वीडनच्या सामींना जे मिळते तसे काही धनगरांच्या वाड्यांना का मिळू नये? ज्या चराईच्या टापूत लांडगीण व्याली आणि पिल्ले जगली, त्या टापूत दरवर्षी उतरणाऱ्या वाड्यांना त्याबद्दल ठरावीक रक्कम, चांगल्या वाघरी, राखणीची कुत्री, मेंढरांना लस, आणि चराईच्या वाटांना दोन्ही राज्यांची मान्यता. यात मेलेल्या कोकराचे हाड शोधत बसावे लागणार नाही आणि धूर कोंडण्याचे कारणही राहणार नाही.

या सूचनेत अडचणी आहेत, हे आम्ही जाणून आहोत. स्वीडनमध्ये गावांची नोंद आहे, चराईचे हक्क कायद्याने ठरलेले आहेत, माणसे थोडी आणि खजिना मोठा. आपल्याकडे वाड्यांची नोंदच नाही. पण ज्या राज्ययंत्रणेने दीडशे वर्षांपूर्वी तालुक्या-तालुक्यांतून लांडग्यांची मुंडकी मोजून पैसे दिले आणि त्याचे तक्ते वर्षानुवर्षे छापले, तिला जिवंत पिल्ले मोजणे आणि वाड्यांची नावे लिहिणे अशक्य आहे, असे आम्हास वाटत नाही. मोजण्याची सवय आहे. काय मोजायचे एवढेच बदलायचे आहे.

आमच्यासारख्या घरांचा माळाशी संबंध पिढ्यांपूर्वी सुटला. कोणी नर्मदेपार गेले, कोणी तुंगभद्रेकाठी स्थिरावले, कोणी बडोद्याच्या किंवा हैदराबादच्या नोकरीत रुजले. कुलदैवत मात्र पुष्कळांचे अजून जेजुरी-पालीचेच आहे, आणि लग्नानंतर तळी भरताना भंडारा उधळला जातो तो त्याच माळाच्या देवाच्या नावाने. त्या देवाचे भक्त आणि त्या माळाचे राखणदार आजही मेंढरे घेऊन पावसामागून फिरत आहेत. इसापाच्या गोष्टीतील गावाने पोरावर विश्वास ठेवणे सोडून दिले आणि कळप गमावला. आपल्या काळात मेंढपाळ लांडगा आला म्हणून सांगतो, तेव्हा तो बहुधा खरेच सांगत असतो. त्याच्याकडे पुरावा मागण्याआधी त्याच्या हाकेला ओ देणे, एवढे तर गावाला करता येईल.